प्रकल्प नोंदी: २०१६चा घरचा डेस्कटॉप, बदलण्याआधीची तपासणी

यंत्र: २०१६ साली सुटे भाग जोडून करवून घेतलेला डेस्कटॉप. इंटेल कोअर आय-३ ६१०० प्रोसेसर, एच-११० चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-४ रॅमची एकच पट्टी, १ टीबीची ७२०० आरपीएम हार्डडिस्क, कॅबिनेटबरोबर आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (भिंतीतली वीज आतल्या भागांना लागेल तशी बदलून देणारा डबा), ६०० व्हीएचा यूपीएस, विंडोज १०.
जागा: रत्नागिरी तालुक्यातलं घर, समुद्रापासून जेमतेम अडीच किलोमीटर.
वापर: बँकेची कामं, दुकानाचा हिशेब, मुलांचा अभ्यास, फोटो, जुना मराठी पत्रव्यवहार.
मर्यादा: खर्च नव्या साध्या डेस्कटॉपच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे गेला तर दुरुस्ती थांबवायची.

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

तक्रार तीन शब्दांत आली: "कॉम्प्युटर स्लो झालाय." नीट विचारपूस केल्यावर तिच्या पोटातून तीन निराळ्या तक्रारी निघाल्या. सुरू व्हायला फार वेळ लागतो आणि मधेच अडकतो. आठवड्यातून दोन-तीनदा आपोआप बंद पडतो, बहुतेक वेळा संध्याकाळी. लाइट जाऊन आली की तारीख २०१६च्या जानेवारीवर जाते आणि बँकेची साइट उघडत नाही. तिन्हींची नोंद वेगळी ठेवली आहे. तीन दुखण्यांना एकच औषध शोधायला गेलं की शेवटी नवीन कॉम्प्युटर घेतला जातो.

"हँग होतो" हे लक्षण म्हणून पुरेसं नाही. अडकलेला असताना माउसचा बाण हलतो का, हे आधी बघायचं. बाण हलतो पण काही उघडत नाही, कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला, तर संशय डिस्कवर. बाणही गोठला आणि स्पीकरमधून एकच आवाज अडकून वाजत राहिला तर रॅम, ग्राफिक्स किंवा ड्रायव्हर. पडदा एकदम काळा होऊन यंत्र बंद, तर वीज किंवा उष्णता. इथे बाण हलतो.

वेळ मोजली. मोजताना "शट डाउन" करून चालू करायचं नाही, "रीस्टार्ट" करायचं. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउननंतरची सुरुवात अर्धवट झोपेतून उठल्यासारखी असते आणि खरा आकडा मिळत नाही. रीस्टार्ट दाबल्यापासून ब्राउझरचं पान उघडेपर्यंत ७ मिनिटं १० सेकंद.

टास्क मॅनेजर: प्रोसेसर १२ टक्के, मेमरी ३.९ पैकी ३.४ जीबी, डिस्क १०० टक्के. डिस्कचा सरासरी प्रतिसाद वेळ १८०० मिलिसेकंदांच्या आसपास. निरोगी हार्डडिस्कचा हा आकडा साध्या कामात १० ते २० असतो. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून आहे आणि सगळं घर डिस्कच्या दारात रांग लावून उभं आहे.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, डिस्कच्या नावावर क्रमांक ७ च्या नोंदी ढीगभर. ही खराब ब्लॉकची नोंद. सोबत क्रमांक १५३, म्हणजे वाचन पुन्हा करावं लागल्याची.

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने पिवळा इशारा दिला. चालू तास १६,२००. इथे एक चूक हमखास होते. या प्रोग्रॅममध्ये कच्चे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत, दिसतात. "सध्या न वाचता येणारे सेक्टर" (सेक्टर म्हणजे डिस्कवरची साठवणीची सर्वांत लहान जागा) या ओळीत शेवटी २८ दिसलं तर ते अठ्ठावीस नाहीत. दोन सोळे बत्तीस आणि आठ, म्हणजे ४०. तसंच बदलून दिलेले सेक्टर ९८, म्हणजे १५२. दोन्ही आकड्यांना आठने पूर्ण भाग जातो, आणि तो योगायोग नाही. आजच्या डिस्कवर प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, मोजणी मात्र ५१२ बाइटच्या तुकड्यांत होते, म्हणून एक सेक्टर गेला की आकडा आठाने वाढतो. ४० म्हणजे पाच जागा.

पाच जागा म्हणजे किरकोळ वाटेल. पण न वाचता येणाऱ्या जागेवर डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करते, प्रत्येक वेळी काही सेकंद, आणि तेवढा वेळ मागची सगळी कामं खोळंबतात. त्यातली एक जागा विंडोजच्या रोजच्या वाटेवर असली की रोज सकाळी तीच अडचण.

त्याच प्रोग्रॅममध्ये केबलमधल्या चुकांचा आकडा, सी-७ या क्रमांकाच्या ओळीतला, ३१२. तो डिस्कचा दोष नाही. पण सैल किंवा गंजलेली केबल हुबेहूब असाच मंदपणा आणते, म्हणून डिस्क मोडीत काढण्याआधी साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, बदलली, दोन्ही टोकं क्लिप बसेपर्यंत दाबली. जुन्या केबलच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर होता. हे खाऱ्या हवेचं काम.

निर्णय: आजपासून या डिस्कवर रोजचं काम बंद. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवायचं नाही, डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग मांडणं) नाही, अँटिव्हायरसची पूर्ण तपासणीही नाही. ही तिन्ही डिस्क वरपासून खालपर्यंत चाळतात, आणि पहिली दोन वर लिहितातसुद्धा. मरायला टेकलेल्या डिस्ककडून एकच काम करून घ्यायचं: आतला डेटा बाहेर काढणं. डिस्कमधून टकटक असा ठराविक लयीत आवाज येत असता तर तेही केलं नसतं. वीज काढून ती डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच द्यायची. इथे आवाज साधा आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

दुसऱ्या कॉम्प्युटरवर रुफस हा प्रोग्रॅम वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घातलं आणि त्यावरूनच यंत्र चालू केलं. हार्डडिस्कवर काहीही न लिहिता सगळं मिंटमधून बघता येतं. आणखी एक फायदा असा की पेनड्राइव्हवरून मिंट सुरळीत चाललं, तर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम बहुतेक शाबूत आहेत याचा पहिला पुरावा हातात येतो. पावणेतीन मिनिटांत डेस्कटॉप आला, कुठे अडकला नाही.

डेटा ठेवायला २ टीबीची नवी पोर्टेबल डिस्क घेतली, पुढे बॅकअपलाही तीच. मागच्या बाजूच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावली. पुढच्या पोर्टची आतली वायर जुनी असेल तर मधेच जोडणी तुटते.

घरच्यांचा समज असा की महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हवर आहे, त्यामुळे काळजी नाही. सी, डी आणि ई हे एकाच डिस्कचे कप्पे आहेत. सी वाचवण्यासाठी डी असतो, तो विंडोज पुन्हा टाकताना. डिस्क मेली की तिन्ही एकदम जातात.

क्रम ठरवला: आकाराने लहान पण पुन्हा मिळणार नाही ते आधी. हिशेबाचं फोल्डर, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉपवरच्या फायली, ब्राउझरचं प्रोफाइल. मग फोटो. सिनेमे शेवटी, जमलं तर. पहिले ११ जीबी ९ मिनिटांत आले.

एक गोष्ट मराठी घरांत नेहमी राहून जाते, म्हणून ठळक नोंदवतो. २००० ते २०१२ या काळातली बरीच मराठी पत्रं, लग्नपत्रिका आणि ठराव युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर तशीच दिसणाऱ्या आजच्या पद्धतीत, नाहीत. ते श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. फाइल वाचवली पण फाँट वाचवला नाही, तर नव्या यंत्रावर "महाराष्ट्र" या शब्दाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची रांग उमटते. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधलं फाँट्स हे फोल्डर पूर्ण उचललं. त्यात अशा प्रकारचे २३ फाँट निघाले. डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारं सॉफ्टवेअर असेल तर त्याची इन्स्टॉल करायची सीडी आणि डोंगल आत्ताच शोधून ठेवावं.

फायली झाल्यावर पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने काढली. साध्या कॉपीत आणि यात फरक एवढाच, पण तो मोलाचा: साधी कॉपी खराब जागेवर अडून बसते, डीडीरेस्क्यू ती जागा टिपून ठेवून पुढे जातं, सगळा सुदृढ भाग आधी आणतं आणि मग मागे येऊन राहिलेल्यावर प्रयत्न करतं. टिपणाची फाइल, म्हणजे नकाशा, पोर्टेबल डिस्कवरच ठेवायची. मधे लाइट गेली तरी तिच्या आधाराने काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. पहिली फेरी खरवडणं (खराब भागातला एकेक सेक्टर वाचून बघणं) बंद ठेवून, दुसरी तीन प्रयत्नांची. आज्ञेत कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली तर चांगला डेटा पुसला जातो, म्हणून एंटर दाबण्याआधी आकार बघून खात्री केली: कुठून १ टीबी, कुठे २ टीबी.

एकूण ३ तास ४० मिनिटं. न मिळालेला भाग ४८ केबी. एवढ्या वाचनाने "न वाचता येणारे" ४० वरून ९६ वर गेले. ९६ गुणिले ५१२ बाइट म्हणजे बरोबर ४८ केबी, हिशेब जुळला. सी-७ मात्र ३१२ वरच थांबलेला. नवी केबल लावूनही खराब जागा वाढत गेल्या, यावरून दोष डिस्कच्या तबकडीवर आहे हे पक्कं झालं. पहिल्या तक्रारीचा निकाल लागला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

दुसरी तक्रार: आपोआप बंद पडणं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ची नोंद आहे, पण ती एवढंच सांगते की यंत्र नीट बंद न होता बंद पडलं. कारण ती सांगत नाही. ४१ दिसला की एसएमपीएस बदला, असा सल्ला सर्रास मिळतो. तो घाईचा आहे.

आधी उष्णता. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये रिकाम्या यंत्राचा प्रोसेसर ५८ अंश, ताण दिल्यावर सहा मिनिटांत ९६. या प्रोसेसरची आतली मर्यादा १०० अंश आहे, तिथे पोचताना तो स्वतःचा वेग उतरवतो. म्हणजे मंदपणातला एक छोटा वाटा याचाही.

प्लग काढला, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअर मारला. पंख्याची पाती पेन्सिलीने अडवून धरायची. हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्युम क्लीनर आत घालायचा नाही, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धूळ आणि तेलकट वाफ यांचा वाकळीसारखा थर, मागच्या फटीपाशी मुंग्यांची माती. एसएमपीएसवर बाहेरूनच हवा मारली, तो उघडला नाही. २३० व्होल्ट एकदिश झाले की सव्वातीनशेच्या आसपास जातात, आणि आतल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) ते प्लग काढल्यानंतरही टिकून राहू शकतात.

हीटसिंक काढण्याआधी यंत्र दहा मिनिटं चालवून गरम करून घेतलं होतं, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली पेस्ट सैल होते. या सॉकेटमध्ये प्रोसेसर लोखंडी चौकटीत अडकवलेला असतो, त्यामुळे तो ओढला जात नाही. एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर मात्र सरळ उचललं तर प्रोसेसरच हीटसिंकला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात, तिथे आधी हळूच पिळून सैल करायचं. जुनी पेस्ट खडूसारखी कोरडी होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कागदी रुमालाने पुसली, मधोमध मसुराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली. जास्त घातल्याने गारवा वाढत नाही, कडेने ओघळते फक्त.

हीटसिंक धरून ठेवणाऱ्या चार पुश-पिना समोरासमोरच्या क्रमाने दाबल्या. इथे फसगत होते: वरून "टक्" आवाज येतो पण पिन पुरती आत गेलेली नसते. मदरबोर्डच्या मागून पाहिल्यावर चारही ठिकाणी पांढरे दोन पाय फाकलेले आणि मधे काळी काडी दिसली पाहिजे. एक पिन पहिल्या वेळी बसली नव्हती. ती काढून, डोकं बाणाच्या दिशेत फिरवून मूळ जागी आणून पुन्हा दाबली.

नंतर: खोली ३१ अंश असताना रिकामं ३८, ताणाखाली वीस मिनिटांनी ६३.

पण ९६ अंशांमुळे यंत्र बंद पडत असतं तर ते ताण दिल्यावर कधीही पडलं असतं. घरच्यांचा अनुभव संध्याकाळचा आहे, साधं पत्र टाइप करतानासुद्धा. म्हणून इथे थांबलो नाही.

एसएमपीएस मोजला. त्याच्या मोकळ्या, चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवर पिवळी आणि काळी वायर: साधारण चालताना ११.९४, ताणाखाली ११.६८ व्होल्ट. लाल आणि काळी: ५.०६. बारा व्होल्टला पाच टक्के सूट, म्हणजे ११.४ ते १२.६, पाच व्होल्टला ४.७५ ते ५.२५. दोन्ही आत. हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस चालू होतो का एवढंच बघण्याची जी पद्धत आहे तिच्यावर विसंबू नये. ओझं नसताना मेलेला एसएमपीएससुद्धा पंखा फिरवून दाखवतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर एकेक करून पाहिले, डोकं फुगलेला एकही नाही. तसा असता तर या प्रकल्पाची शेवटची नोंद आजच लिहिली असती.

मग संध्याकाळी साडेसात वाजता भिंतीतल्या प्लगवर मीटर लावला: १८४ व्होल्ट. दुपारी तिथेच २२६ होते. विहिरीवरचा पंप चालू केला, आणि मीटरच्या किमान नोंदीत १३४. यूपीएसच्या मागच्या लेबलवर खालची मर्यादा १४०. म्हणजे पंप लागताच यूपीएस क्षणभर बॅटरीवर जातो. बॅटरीने ते दोन-तीन सेकंद निभावून न्यायचे असतात.

यूपीएसला कॉम्प्युटरऐवजी ६० वॉटचा टेबललॅम्प लावून प्लग काढला. दिवा त्याच क्षणी गेला. बॅटरी बाहेर काढली: १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर, अंगावर २०२० सालची तारीख. नुसत्या मीटरवर १२.९ व्होल्ट, अगदी धडधाकट. तिला गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब जोडला. पहिला सेकंद पांढरा उजेड, मग पिवळा, तिसऱ्या सेकंदाला तार नुसती लाल, आणि मीटरवर ७.९. ओझं न देता मोजलेला बॅटरीचा आकडा कसा फसवतो ते यात समोरच दिसतं.

कॉम्प्युटर बंद पडत नव्हता. त्याच्याखालची वीज निघून जात होती. नवा कॉम्प्युटर आणून याच यूपीएसवर लावला असता तर तोही संध्याकाळी पंप लागला की बंद पडला असता.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

नवी बॅटरी बसवली, लाल-काळी तपासून. आठ तास चार्ज होऊ दिल्यावरच चाचणी: कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १६ मिनिटं. पंप चारदा चालू-बंद केला, यूपीएसचा रिले खटकतो, पडदा हलत नाही. प्रिंटर यूपीएसवरून काढून थेट भिंतीत लावला. लेझर प्रिंटर गरम होताना जेवढा करंट ओढतो तेवढा ६०० व्हीएला झेपत नाही.

तिसरी तक्रार पाच मिनिटांचं काम. मदरबोर्डवरचा, तारीख आणि सेटिंग जपणारा सीआर-२०३२ सेल २.१ व्होल्ट, नवा ३.२. काढण्याआधी बायोसच्या (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या) सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले, विशेषतः साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय आहे की नाही ते पान. सेल काढल्यावर हा मोड बदलला तर जुनं विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं, आणि लोक सेल बदलल्यामुळे मदरबोर्ड गेला असं समजतात. तारीख लावली, बँकेची साइट उघडली. सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरच्या मते साल २०१६ असेल तर आजचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

रॅम. जुनी ४ जीबीची पट्टी काढली, सोनेरी दात आयसोप्रोपिलने पुसले. खोडरबर चालतो, पण मऊ पांढरा, हलक्या हाताने, आणि कण झटकून. शाईचा खरखरीत खोडरबर सोन्याचा मुलामा घासून काढतो. रात्रभर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट ८६ प्लसच्या चार फेऱ्या, चूक शून्य. एकाही चुकीला माफी नाही, एक आली तरी पट्टी बाद.

४ जीबी आज पुरत नाही. रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर मांडतं, म्हणजे आधीच कुंथणाऱ्या डिस्कवर दुप्पट ओझं. या मदरबोर्डला दोन खाचा आहेत. ८ जीबीची जुनी डीडीआर-४ पट्टी घेतली, आठ दिवसांत बदलून मिळेल या बोलीवर. २४०० वेगाची आहे, हा प्रोसेसर ती २१३३ वर चालवतो, त्यात काही बिघडत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती इथे बसत नाही.

नवी पट्टी एकटीच लावून तपासली. तिसऱ्या फेरीत लाल ओळी, १४ चुका. पट्टी काढून, पुसून, दुसऱ्या खाचेत घातली. पुन्हा चुका, त्याच पत्त्याच्या आसपास. खाच बदलूनही चूक पट्टीबरोबर गेली, म्हणून दोष पट्टीचा. ही न तपासता लावली असती तर विंडोज महिनाभर कधीतरी निळ्या पडद्यावर गेलं असतं, आणि खापर जुन्या डिस्कच्या जागी बसणाऱ्या नव्या एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर) फुटलं असतं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

बदलून आलेली पट्टी चार फेऱ्या स्वच्छ. आता १२ जीबी. आकार असमान असले तरी पहिले ८ जीबी जोडीने चालतात, उरलेले ४ एकेरी. घरच्या वापरात फरक जाणवत नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

एसएसडी: ५०० जीबी, अडीच इंची, साटा. या मदरबोर्डवर एम-२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच नाही, त्यामुळे महागड्या एनव्हीएमई एसएसडीचा विचार करायचं कारण नाही. आणि गरजही नाही. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.१७, शिवाय सुई त्या वर्तुळावर न्यायला आठ-नऊ. म्हणजे एका विखुरलेल्या वाचनाला सुमारे १३ मिलिसेकंद, सेकंदाला पाऊणशे वाचनं. विंडोज सुरू होताना अशी वाचनं हजारोंनी करतं. साधी साटा एसएसडी सेकंदाला दहा हजारांच्या पटीत करते. फरक पडतो तो इथे. पाकिटावरच्या "५५० एमबी प्रति सेकंद"मुळे नाही.

कोणतं विंडोज हा प्रश्न आलाच. विंडोज १० चा नियमित आधार चार दिवसांपूर्वी, १४ ऑक्टोबरला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, हा सहाव्या पिढीचा. अट चुकवून ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण पुढचे अपडेट मिळण्याची खात्री नाही, आणि बँकेचं काम चालणाऱ्या यंत्रावर ते करू नये. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. म्हणून विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, कोरी टाकून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करायची, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू ठेवला की पैसे पडत नाहीत. हिशेबाची अडचण नसती तर सरळ लिनक्स मिंट २२ टाकलं असतं, त्याला २०२९ पर्यंत आधार आहे.

जुन्या डिस्कची नक्कल थेट एसएसडीवर उतरवली नाही. हरवलेल्या ४८ केबीत विंडोजच्या फायली किती, कोण जाणे. नक्कल केली की तो बिघाडही नव्या घरी येतो.

विंडोज टाकताना जुनी डिस्क सोडवून ठेवली. दोन्ही लावलेल्या असतील तर सुरुवातीची फाइल कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसते, आणि महिन्याने ती डिस्क काढली की एसएसडीवरचं विंडोज सुरू होत नाही. पेनड्राइव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीनेच सुरू केला. आवृत्ती पूर्वीचीच होम निवडली; परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, इंटरनेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट झालं.

एसएसडीला ब्रॅकेट मिळालं नाही. कॅबिनेटच्या आतल्या भिंतीला दुहेरी चिकटपट्टीने लावली. फिरणारा भाग नाही, चालतं.

रविवार, १९ ऑक्टोबर

रीस्टार्टपासून ब्राउझरचं पान उघडेपर्यंत ३१ सेकंद. तीच पद्धत, तोच मोबाइलचा स्टॉपवॉच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा प्रतिसाद १ मिलिसेकंदाच्या आत, दहा टॅब उघडे असताना मेमरी ५.६ जीबी.

डेटा परत ठेवला, आधी फाँट्स. २००९ची एक लग्नपत्रिका उघडून बघितली: फाँट घालण्याआधी रोमन अक्षरांचा कचरा, घातल्यावर "श्री गजानन प्रसन्न" जसंच्या तसं. यापुढच्या टायपिंगसाठी विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कीबोर्ड चालू करून दिला, तो युनिकोडमध्ये लिहितो.

फोटोंपैकी दोन अर्धे राखाडी निघाले. हरवलेल्या ४८ केबीतला घरच्यांना दिसणारा भाग एवढाच.

कॅबिनेट जमिनीवरून उचलून स्टुलावर, भिंतीपासून वीतभर लांब.

रविवार, २६ ऑक्टोबर

आठवड्यात ४१ ची एकही नोंद नाही. लाइट तीनदा गेली, तारीख टिकली. "यूट्यूब अडकतं" ही नवी तक्रार कॉम्प्युटरची नाही: वाय-फायचा डोंगल कॅबिनेटच्या मागे, पत्र्याच्या आड होता. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर आणला, थांबलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

चार आठवडे पुरे. ४१ शून्य. एसएसडीची तब्येत ठीक, सी-७ शून्य. बॅकअप: पोर्टेबल डिस्कवर दर रविवारी फाइल हिस्टरी, काम झालं की डिस्क काढून कपाटात. सतत लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे, वीज किंवा व्हायरस दोन्ही एकदम नेतात.

खर्चात पोर्टेबल डिस्क धरूनही तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहिलो.

जुनी हार्डडिस्क पूर्ण पुसायला लावली. खराब जागांवर नवं लिहिलं जात नाही, तिथला जुना मजकूर तसाच राहू शकतो, म्हणून पुसून झाल्यावर तबकडीतून ड्रिलने तीन भोकं पाडली. डोळ्याला चष्मा लावूनच; लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये तबकडी काचेची असू शकते, तिला भोक पाडायला जाऊ नये, फुटून उडते. ही डिस्क, गंजलेली केबल आणि सेल ई-कचरा घेणाऱ्याकडे. यूपीएसची शिसं-आम्लाची बॅटरी विक्रेत्याकडे परत. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारवाल्याला दिली तर आम्ल गटारात ओतलं जातं.

बाकी काम दोन. घरच्या प्लगवर संध्याकाळी १८४ व्होल्ट येतात, त्याबद्दल वीज कार्यालयात लेखी अर्ज, सोबत सात दिवसांच्या वेळनिहाय नोंदी. आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर मिंटवर वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीत) चालतं का, याची चाचणी जून २०२६ पर्यंत. १३ ऑक्टोबरची वाट बघायची नाही.